कंटेनर वाहतूक, पूर्ण व सामायिक

ठरावीक मापाच्या, पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या आणि जहाज, रेल्वे व मालमोटार या तिन्ही वाहनांवरून वाटेत न उघडता नेता येणाऱ्या पोलादी पेटीस कंटेनर म्हणतात. अशा पेटीतून परदेशी माल पाठविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत संपूर्ण कंटेनर एकाच प्रेषकाच्या मालासाठी घेतला जातो. प्रेषक तो आपल्या कारखान्यात किंवा वखारीत भरतो, मोहोरबंद करतो आणि बहुधा माल घेणाऱ्याच्या दारीच तो उघडला जातो. यास पूर्ण कंटेनर किंवा व्यापारी परिभाषेत ‘एफ.सी.एल.’ असे म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत अनेक प्रेषकांचे लहानमोठे नग एका ठिकाणी गोळा करून एकाच पेटीत रचले जातात व गंतव्य बंदराजवळ ते पुन्हा वेगळे केले जातात. यास सामायिक कंटेनर किंवा ‘एल.सी.एल.’ ही संज्ञा आहे.

या दोहोंतील निवड वरकरणी घनफळाच्या हिशेबाची वाटते. पेटी भरण्याइतका माल असेल तर पूर्ण, नसेल तर सामायिक, असा सामान्य नियम सांगितला जातो. तथापि पेटी कोणी भरली, नग कोणी मोजले, ती कोठे उघडली आणि मधल्या नुकसानीस कोण जबाबदार, हे प्रश्नही याच निवडीवर अवलंबून असतात. कंटेनरमुळे माल रचण्याचे काम नाहीसे झाले नाही. ते जहाजाच्या कोठारातून कारखान्यात किंवा बंदरापासून दूरच्या वखारीत गेले. या स्थलांतराची झळ ज्यांना लागली त्यांत गोदी कामगार होते, तसेच पेटीभर माल नसलेले छोटे व्यापारीही होते. म्हणून पूर्ण व सामायिक कंटेनरचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन वर्गांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : संपूर्ण वाहन घ्यावे की त्यातील थोडी जागा, हा प्रश्न कंटेनरहून पुष्कळच जुना आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मोठा व्यापारी नौभाटक करार करून सबंध जहाज भाड्याने घेई. ज्याचा माल थोडा असे त्याला जहाज भरेपर्यंत बंदरात वाट पाहावी लागे, कारण पुरेसा माल मिळाल्याखेरीज तांडेल व मालक नांगर उचलीत नसत. न्यूयॉर्कच्या ‘ब्लॅक बॉल लाइन’ या कंपनीने ही रीत मोडली. तिचे ‘जेम्स मन्‍रो’ हे जहाज ५ जानेवारी १८१८ रोजी पूर्वघोषित वेळेनुसार लिव्हरपूलकडे निघाले. जहाज भरो वा न भरो, ठरल्या दिवशी ते सुटेल, अशी या कंपनीची हमी होती. नियमित फेऱ्यांच्या नौवहनाचा हा आरंभ होय. छोट्या प्रेषकाला त्यामुळे थोडी जागा व निश्चित तारीख या दोन्ही गोष्टी मिळाल्या आणि रिकाम्या जागेचा धोका जहाज कंपनीकडे गेला.

भाड्याच्या दरांतही लहानमोठ्यांचा भेद होता. वाफेच्या जहाजांची संख्या वाढल्यावर कंपन्या मोठ्या व्यापाऱ्यांना खाजगी सवलती देऊ लागल्या. १८७५ साली ग्रेट ब्रिटन व कलकत्ता यांदरम्यान वाहतूक करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन नौवहन परिषद स्थापन केली आणि समान दर ठरवून मोठ्या प्रेषकांच्या सवलती बंद केल्या. मोठ्या व्यापाऱ्यांना हे रुचले नाही. तेव्हा १८७७ पासून, परिषदेच्याच जहाजांनी माल पाठविणाऱ्यास काही काळानंतर भाड्याचा अंश परत देण्याची प्रथा सुरू झाली. परिषदा मक्तेदारी निर्माण करतात, ही टीका सार्थ होती आणि ब्रिटनमध्ये १९०६ ते १९०९ या काळात एका शाही आयोगाने या प्रथेची चौकशीही केली. मात्र दहा गाठी पाठविणाऱ्यास व हजार गाठी पाठविणाऱ्यास एकच दर, हे तत्त्व या परिषदांमुळे सुमारे शतकभर टिकले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

रेल्वेच्या क्षेत्रात हाच भेद वाघिणीभर माल व त्याहून कमी माल या रूपाने प्रकट झाला. सुटे नग प्रत्येक बदलीच्या स्थानकावर उतरवून पुन्हा चढवावे लागत. त्यामुळे मजुरी व चोरी या दोहोंमुळे रेल्वे कंपन्यांना ही वाहतूक परवडेनाशी झाली. यावर उपाय म्हणून ‘न्यूयॉर्क सेंट्रल’ या रेल्वे कंपनीने १९२१ मध्ये पोलादी कंटेनर वापरात आणले आणि आतील माल कोणता हे न पाहता वजनावर भाडे आकारण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या आंतरराज्य व्यापार आयोगाने मात्र १९३१ साली निर्णय दिला, की कंटेनरमधील सर्वांत चढ्या दराच्या मालाला कंटेनरशिवाय जे भाडे पडले असते, त्याहून कमी भाडे संपूर्ण वजनास आकारता येणार नाही. परिणामी संमिश्र मालाच्या पेटीचा आर्थिक लाभच संपुष्टात आला. म्हणजे सामायिक कंटेनरची पहिली मोठी पीछेहाट तांत्रिक कारणाने झाली नसून दरनियमनामुळे झाली. यूरोपात या विषयाचा अभ्यास चालूच होता व १९३३ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय कंटेनर कार्यालय स्थापन झाले.

कंटेनरचा उदय : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील सुट्या मालाच्या वाहतुकीचे चित्र ‘वॉरियर’ या जहाजाच्या १९५४ मधील सफरीवरून स्पष्ट होते. अमेरिकन लष्कराचा माल घेऊन हे जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदरास गेले आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका समितीने त्याचा बारकाईने अभ्यास केला. जहाजात १,९४,५८२ नग होते. त्यांत खोकी, पुठ्ठ्याचे डबे, पोती, पिंपे, गठ्ठे आणि ५३ वाहने होती. हा माल १५१ शहरांतून १,१५६ वेगवेगळ्या प्रेषणांच्या रूपाने आलेला होता आणि पहिले प्रेषण जहाज सुटण्यापूर्वी महिन्याहून अधिक काळ गोदीत येऊन पडले होते. माल चढविण्यास सहा दिवस व उतरविण्यास चार दिवस लागले, तर समुद्रप्रवास साडेदहा दिवसांचा झाला. एकूण सुमारे २ लाख ३७ हजार डॉलर खर्चापैकी प्रत्यक्ष सागरी प्रवासाचा वाटा केवळ ११.५ टक्के होता. दोन्ही बंदरांतील खर्च सुमारे ३७ टक्के भरला. खर्चाचे मूळ समुद्रात नसून धक्क्यावर आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

मॅल्कम मक्लीन (१९१३–२००१) या मालमोटारींच्या व्यावसायिकाने हीच गोष्ट व्यवहारात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे तेलवाहू जहाज डेकवर ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. मध्यम आकाराच्या जहाजात सुटा माल चढविण्यास त्या वेळी टनामागे सुमारे ५.८ डॉलर खर्च येई. मक्लीनच्या तज्ञांच्या हिशेबाप्रमाणे ‘आयडियल एक्स’वर हा खर्च १६ सेंटांहूनही कमी आला. १९५८ मध्ये मॅटसन कंपनीने सॅन फ्रॅन्सिस्को व हवाई बेटे यांदरम्यान अशीच वाहतूक सुरू केली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९६४ मध्ये १०, २०, ३० व ४० फूट ही लांबीची प्रमाणे मान्य केली आणि १९६८ मध्ये मापांचे मानक प्रसिद्ध झाले. १९६६ च्या एप्रिलमध्ये मक्लीनच्या ‘सी-लँड’ कंपनीचे ‘फेअरलँड’ हे जहाज कंटेनर घेऊन अमेरिकेहून रॉटरडॅमला गेले व अटलांटिकपार नियमित कंटेनर वाहतुकीचे युग सुरू झाले [→ बंदर].

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. वर सांगितलेली बचत पेटी क्रेनने उचलण्यातली होती. पेटी भरण्याचा खर्च तीत धरलेला नव्हता. पूर्ण कंटेनरच्या बाबतीत हे काम प्रेषक आपल्याच कामगारांकडून करून घेत असल्यामुळे बचत जवळजवळ संपूर्ण पदरात पडे. ‘वॉरियर’वरील बहुसंख्य प्रेषणांसारखा थोडा माल असेल, तर मात्र तो कोणीतरी गोळा करून मोजणे, रचणे आणि दुसऱ्या टोकास सोडविणे भाग होते. हे काम करण्यासाठी निघालेल्या जागेस ‘कंटेनर फ्रेट स्टेशन’ असे नाव मिळाले. जुन्या गोदीतील सुट्या मालाची हाताळणी या स्थानकांतून शिल्लक राहिली. ती कोठे व्हावी आणि कोणाच्या हातून, हा पुढील वीस वर्षांतील कळीचा वाद ठरला.

गोदी कामगार व सामायिक कंटेनर : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय गोदी कामगार संघटनेने १९५९ च्या करारात कंटेनरचा वापर मान्य केला. त्याच्या मोबदल्यात, बंदराबाहेर इतरांनी भरलेल्या पेट्यांवर टनामागे स्वामित्वशुल्क देण्याचे मालकांनी कबूल केले. परंतु धक्क्यापासून थोड्याच अंतरावर एकत्रीकरण करणाऱ्या वखारी निघाल्या, तेथे कमी वेतनाच्या मजुरांकडून पेट्या भरल्या जाऊ लागल्या, तेव्हा शुल्काने कामगारांचे समाधान होईना. १९६८–६९ च्या दीर्घ संपानंतर झालेल्या करारात ‘कंटेनरविषयक नियम’ समाविष्ट झाले. बंदरापासून ५० मैलांच्या आत भरलेला किंवा उघडावयाचा सामायिक कंटेनर धक्क्यावर गोदी कामगारांकडूनच भरला वा रिकामा केला जावा, असे त्यांत ठरले. एखादा सामायिक कंटेनर बाहेर भरून आला, तर तो धक्क्यावर उघडून, सर्व माल काढून पुन्हा भरावयाचा, हा त्याचा अर्थ होता. मालाच्या प्रत्यक्ष मालकाने स्वतःच्या नोकरांकडून स्वतःच्या जागेत भरलेला पूर्ण कंटेनर मात्र या नियमांतून मुक्त होता.

अशा रीतीने पूर्ण व सामायिक यांतील भेद प्रथमच कडक नियमाच्या रूपाने मांडला गेला आणि त्याचा भार एकत्रीकरण करणाऱ्यांवर व पर्यायाने छोट्या प्रेषकांवर पडला. एकत्रीकरण करणारे न्यायालयात गेले. हे नियम म्हणजे कामगारांनी आपले परंपरागत काम राखण्याचा कायदेशीर प्रयत्न आहे की दुसऱ्यांचे काम बळकावण्याचा, हा मुद्दा दोन वेळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९८० मध्ये न्यायालयाने हे प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले व १९८५ मध्ये कामगार कायद्याच्या दृष्टीने नियम वैध ठरविले. तथापि केंद्रीय सागरी आयोगाने १९८७ साली नौवहन कायद्याच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आणि ते प्रेषकांमध्ये अनुचित भेदभाव करतात असा निर्णय दिला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. कामगाराचा आपल्या कामावरील हक्क आणि छोट्या प्रेषकाचा समान वागणुकीचा हक्क या दोन न्याय्य मागण्यांचा हा संघर्ष होता. दोन कायद्यांनी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली.

पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने १९६० मध्ये यांत्रिकीकरणाचा करार करून आर्थिक मोबदला घेतला. तरीही कंटेनर फ्रेट स्टेशनातील कामाबाबत १९६९ साली स्वतंत्र पुरवणी करार करावा लागला आणि १९७१–७२ च्या प्रदीर्घ संपात हा प्रश्न पुन्हा पुढे आला. ब्रिटनमध्ये वादाने अधिक उग्र रूप धारण केले. पूर्व लंडनमधील ‘चोबम फार्म’ व ‘मिडलँड कोल्ड स्टोअर’ यांसारख्या जागी बंदराबाहेरील कामगारांकडून मालाची हाताळणी होत असल्याबद्दल गोदी कामगारांनी तेथे निरोधने सुरू केली. १९७१ च्या औद्योगिक संबंध अधिनियमान्वये न्यायालयाने दिलेला मनाईहुकूम न पाळल्याबद्दल जुलै १९७२ मध्ये पाच कामगार प्रतिनिधींना पेन्टनव्हिल तुरुंगात टाकण्यात आले. देशभर उसळलेल्या सहानुभूतीच्या संपांमुळे त्यांची काही दिवसांतच सुटका झाली. सरकारी समितीने गोदी कामगारांना नुकसानभरपाई देण्याची योजना मांडली, परंतु काम बंदराबाहेर जाण्याचा ओघ थांबला नाही. नोंदणीकृत गोदी कामगारांना संरक्षण देणारी १९४७ ची योजना ब्रिटनने १९८९ मध्ये रद्द केली.

दायित्व व भरणपत्र : पेटी कोणी भरली यावर नुकसानीची जबाबदारी अवलंबून असते. सुटा माल जहाजावर चढताना वाहकाचा माणूस नग मोजून पावती देई आणि तिच्या आधारे बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजभरणपत्र तयार होई. पूर्ण कंटेनर वाहकाच्या हाती मोहोरबंद स्थितीतच येतो. त्यामुळे भरणपत्रावर ‘भरणी, रचणी व मोजणी प्रेषकाची’ असा शेरा मारला जातो. शेऱ्याची ही रीत रेल्वेतून आलेली असून अमेरिकेच्या १९१६ च्या भरणपत्र कायद्यात तिला स्थान मिळाले होते. मोहोर शाबूत असताना आतील नग कमी निघाले, तर पुराव्याचा भार मालधन्यावर पडतो. सामायिक कंटेनरमध्ये प्रत्येक नग स्थानकावर मोजून घेतला जात असल्यामुळे प्रेषकास मोजणीची खरी पावती मिळते. मात्र नगांची हाताळणी निदान दोन वेळा अधिक होते व शेजारच्या मालाची गळती, दर्प किंवा वजन यांपासून अपाय होण्याचा संभव राहतो.

नुकसानभरपाईच्या मर्यादेचा प्रश्नही यातूनच उद्‌भवला. अमेरिकेच्या १९३६ च्या सागरी मालवाहतूक अधिनियमानुसार वाहकाचे दायित्व दर नगास ५०० डॉलर एवढे मर्यादित आहे. तेव्हा ‘नग’ कशास म्हणावे, असा वाद उपस्थित झाला. १९६७ च्या एका खटल्यात सहा सहा खोकी बांधलेले पॅलेट हाच एक नग, असे न्यायालयाने ठरविले. ‘मॉर्मॅकलिंक्स’ जहाजाच्या १९७१ मधील खटल्यात ९९ गाठी चामडे भरलेला कंटेनर ब्रुकलिन येथून चोरीस गेला होता. कंटेनर हा एक नग मानला असता तर भरपाई ५०० डॉलर मिळाली असती. प्रत्येक गाठ वेगळी धरल्यास मर्यादा ४९,५०० डॉलर होत होती. गाठींची संख्या भरणपत्रात नमूद असल्याने न्यायालयाने गाठ हाच नग मानला. ब्रुसेल्स येथे फेब्रुवारी १९६८ मध्ये संमत झालेल्या व १९७७ पासून अमलात आलेल्या व्हिस्बी संलेखानेही हेच तत्त्व स्वीकारले : भरणपत्रात जितके नग लिहिले असतील तितके धरावेत, काहीच लिहिले नसेल तर संपूर्ण कंटेनर हा एकच नग समजावा. पूर्ण कंटेनर घेणाऱ्याने ‘एक कंटेनर यंत्रभाग’ एवढेच न लिहिता खोक्यांची संख्या लिहिणे का आवश्यक असते, हे यावरून कळून येईल.

निवडीचे अर्थकारण : २० फुटी कंटेनरचे अंतर्गत घनफळ सुमारे ३३ घनमीटर व ४० फुटी कंटेनरचे सुमारे ६७ घनमीटर असते. खोक्यांच्या आकारांमुळे काही जागा नेहमीच वाया जाते. पूर्ण कंटेनरचे भाडे पेटीमागे ठरते, मग ती भरलेली असो वा अर्धी रिकामी. सामायिक कंटेनरचे भाडे एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारले जाते. उदा., तीन घनमीटर जागा व्यापणाऱ्या पाच टन लाद्यांस पाच एककांचे, तर सहा घनमीटर जागा व्यापणाऱ्या सव्वा टन तयार कपड्यांस सहा एककांचे भाडे पडते.

समजा, सामायिक दर घनमीटरमागे एक एकक आणि २० फुटी पूर्ण कंटेनरचे भाडे १४ एकके आहे. अशा स्थितीत १४ घनमीटरपेक्षा अधिक माल असल्यास निम्म्याहून जास्त पेटी रिकामी ठेवूनही पूर्ण कंटेनर स्वस्त पडतो. याचे कारण एकत्रीकरण अभिकर्त्याच्या हिशेबात आहे. तो जहाज कंपनीकडून १४ एककांना पेटी घेतो आणि तीत २५ घनमीटर माल भरून २५ एकके वसूल करतो. मधल्या फरकातून त्याला दोन्ही टोकांची हाताळणी, वखारभाडे, कागदपत्रे आणि पेटी न भरण्याचा धोका यांचा खर्च भागवून नफा मिळवावयाचा असतो. १८१८ मध्ये रिकाम्या जागेचा जो धोका जहाज कंपनीने उचलला होता, तो आता या मध्यस्थाकडे आला आहे.

घनफळाशिवाय इतर बाबीही पाहाव्या लागतात. सामायिक माल जहाज सुटण्यापूर्वी काही दिवस अगोदर स्थानकावर पोहोचवावा लागतो व उतरल्यावरही पेटी उकलेपर्यंत थांबावे लागते. एका प्रेषकाच्या कागदपत्रांत दोष आढळला, तर सीमाशुल्क अधिकारी संपूर्ण पेटी अडवू शकतात व निर्दोष प्रेषकांचा मालही अडकून पडतो. काही मार्गांवर प्रेषकाकडून नाममात्र भाडे घेऊन उरलेली रक्कम गंतव्य स्थानी माल घेणाऱ्याकडून विविध आकारांच्या नावाने वसूल केली जाते. यास्तव केवळ प्रारंभीच्या दरावरून निर्णय घेणे फसवे ठरते. उलटपक्षी, पूर्ण कंटेनर भरण्यासाठी महिनोन्‌महिने माल साठविणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे होय. थोडा माल वारंवार पाठविणे ज्यास हितकर, त्यास सामायिक पद्धतच सोयीची असते. नाजूक, मौल्यवान, उग्र वासाचा किंवा दुसऱ्या मालाशी न जुळणारा पदार्थ असेल, तर कमी घनफळ असूनही पूर्ण कंटेनर घेणे श्रेयस्कर मानले जाते.

भारत : भारतात कंटेनरचे आगमन १९७३ मध्ये कोचीन बंदरात ‘प्रेसिडेंट टायलर’ या जहाजाद्वारे झाले. बंदरे व रस्ते सज्ज नसल्यामुळे आरंभी पुष्कळसे कंटेनर गोदीतच भरले व उकलले जात. म्हणजे पेटी आली, तरी गोदीतील कामाचे स्वरूप फारसे बदलले नव्हते. १९८१ मध्ये बंगलोर येथे देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो सुरू झाला. मार्च १९८८ मध्ये भारतीय कंटेनर निगमाची स्थापना होऊन त्याने पुढील वर्षी रेल्वेकडून असे सात डेपो आपल्या ताब्यात घेतले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांकडील कंटेनर वाहतूक क्रमाने खाडीपलीकडे गेली. रायगड जिल्ह्यातील उरण–पनवेल पट्ट्यात कंटेनर फ्रेट स्टेशनांची रांगच उभी राहिली. माल रचण्याचे काम त्यांच्याबरोबर या पट्ट्यात आले. न्यूयॉर्क व लंडन येथे घडलेले स्थलांतर येथे अशा प्रकारे घडले.

अन्य देशांत ही स्थानके मुख्यतः सामायिक मालासाठी असतात. भारतात मात्र ती सीमाशुल्क तपासणीची विस्तारित जागा म्हणूनही वापरली गेल्यामुळे पूर्ण कंटेनरही पुष्कळदा तेथूनच जात. त्यामुळे पूर्ण कंटेनरचा कारखान्यापासून कारखान्यापर्यंत अखंड जाण्याचा फायदा भारतीय व्यापाऱ्यास बराच काळ अपुरा मिळाला. थेट बंदरातून माल सोडविण्याची सवलत आणि २०१७ पासून लागू झालेली इलेक्ट्रॉनिक मोहोरेची पद्धत यांमुळे ही अडचण बरीच कमी झाली. एकाच करारान्वये अनेक वाहनांतून होणाऱ्या निर्यात वाहतुकीचे नियमन १९९३ च्या बहुविध मालवाहतूक अधिनियमाने केले. भरणपत्रांविषयीचा १८५६ चा व सागरी मालवाहतुकीविषयीचा १९२५ चा हे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे अधिनियम आले.

छोट्या उत्पादकाने पूर्ण कंटेनरचा लाभ कसा घ्यावा, याचे एक उत्तर महाराष्ट्रातील द्राक्ष बागाइतदारांनी शोधले. द्राक्षे शीतकंटेनरमधून, ठरावीक तापमानात व अखंड शीतसाखळीत न्यावी लागतात. एकाच पेटीत वेगवेगळ्या तापमानांचे पदार्थ ठेवता येत नसल्याने अशा मालास सामान्य सामायिक पद्धत निरुपयोगी ठरते. एकट्या लहान बागाइतदारास सबंध शीतकंटेनर नियमितपणे भरणेही अशक्य असते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ या संस्थेद्वारे द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या. प्रत, वेष्टन व पूर्वशीतन यांचे समान नियम पाळून अनेकांच्या बागेतील माल एका प्रेषकाच्या नावाने पूर्ण कंटेनर म्हणून यूरोपास जाऊ लागला. मध्यस्थ जे एकत्रीकरण वखारीत करतो, ते येथे सहकाराने शेताजवळच केले.

अलीकडील स्थिती : अमेरिकेच्या १९८४ च्या नौवहन अधिनियमाने स्वतःचे जहाज नसलेल्या सार्वजनिक वाहकास, म्हणजेच एकत्रीकरण करून स्वतःचे भरणपत्र देणाऱ्यास, कायदेशीर व्याख्या दिली. छोट्या प्रेषकाच्या दृष्टीने तोच वाहक ठरतो, तर जहाज कंपनीच्या दृष्टीने तो प्रेषक असतो. १९९८ च्या सुधारणा कायद्याने मोठ्या प्रेषकांना जहाज कंपन्यांशी गोपनीय दरकरार करण्याची मुभा मिळाली. यूरोपीय संघाने ऑक्टोबर २००८ मध्ये नौवहन परिषदांना स्पर्धा कायद्यातून दिलेली सूट काढून घेतली. १८७५ पासून चालत आलेल्या समान दराच्या तत्त्वाची अखेर या घटनांनी झाली. मक्तेदारी गेली, पण तिच्यासोबत लहान व्यापाऱ्यास असलेला आधारही गेला.

सुरक्षेच्या नियमांनीही सामायिक पद्धतीचे काम वाढविले. अमेरिकेस जाणाऱ्या मालाची माहिती जहाजावर चढविण्यापूर्वी २४ तास अगोदर देण्याचे बंधन २००३ पासून अमलात आले. सामायिक पेटीतील प्रत्येक प्रेषणाची माहिती त्यासाठी वेगळी द्यावी लागते. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे पडताळलेले वजन जाहीर करणे सर्व देशांत आवश्यक झाले. सामायिक पेटीबाबत ही जबाबदारी एकत्रीकरण करणाऱ्यावर येते.

कोविड महासाथीच्या काळात या व्यवस्थेची कसोटी लागली. रिकाम्या पेट्यांची टंचाई निर्माण झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ४० फुटी कंटेनरच्या भाड्याचा जागतिक निर्देशांक १०,००० डॉलरांच्या वर गेला. दीर्घ मुदतीचे करार असलेल्या मोठ्या आयातदारांस जागा मिळविणे त्या मानाने सुकर होते. काहींनी तर स्वतंत्र जहाजेच भाड्याने घेतली, म्हणजे ते जुन्या नौभाटक पद्धतीकडे वळले. ज्यांच्यापाशी ना करार, ना पेटीभर माल, त्यांना मिळेल त्या दराने सामायिक पेटीतील जागा घेणे किंवा थांबणे एवढेच पर्याय उरले. पूर्ण कंटेनरने वाहतूक स्वस्त केली. परंतु त्या स्वस्ताईचा लाभ थोडा माल असणाऱ्यापर्यंत किती पोहोचतो, हे एकत्रीकरणाची व्यवस्था किती सक्षम व प्रामाणिक आहे, यावर अवलंबून राहते.